आमच्या घरची प्रत

सरांच्या उठावन्याला आम्ही सगळे पांढऱ्या चादरींवर मांडी घालून बसलो होतो. समोरचा वक्ता माईकवर सांगत होता की शहाण्या माणसाने गेलेल्याचा शोक करू नये, आपल्या महाकाव्यांनी हेच शिकवलं आहे. मी वाट पाहत राहिलो. कोणीच उठून उभं राहिलं नाही. उभा राहणारा माणूस फोटोत होता, झेंडूचा हार घालून, आणि फोटोतही त्यांच्या कपाळावर ती ओळखीची आठी होती. मला त्या वक्त्याचा इतका राग आला की मधूनच उठून चालू पडावंसं वाटलं. सर असते तर त्यांनी त्याला वाक्य पुरं करू दिलं नसतं.

इंदूरबाहेरच्या माणसाला उठावना काय ते सांगावं लागतं. माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी अर्धा तास सगळे जमतात, कोणीतरी चार शब्द बोलतं, फोटोला फुलं वाहायची आणि हात जोडून निघायचं. मूळचा हा इकडचा हिंदी रिवाज, पण संस्थानच्या काळापासून इथे राहिलेल्या मराठी घरांनीही तो केव्हाच आपला करून टाकला. सर संस्कृतचे रिटायर्ड प्रोफेसर. त्यामुळे राजेंद्र नगरात कोणी गेलं की चार शब्द बोलायला लोक पूर्वी त्यांनाच बोलवायचे. पुढे बोलवेनासे झाले. तरी सर जायचेच, आणि ते आत शिरले की घरचे एकमेकांकडे बघायला लागायचे.

आमच्या गल्लीतला एक बँकेतला माणूस भर चाळिशीत अचानक गेला तेव्हाची गोष्ट. उठावन्याला त्याचे साहेब बोलत होते. त्याच्या बायकोकडे पाहून म्हणाले, "वहिनी, हिंमत ठेवा. महाकाव्यं वाचा. त्यात प्रत्येक दुःखावर उपाय सांगितलेला आहे."

मागच्या रांगेतून सर उठले. "कुठे सांगितलाय?"

"सर, बसा न," कोणीतरी त्यांचा सदरा ओढला.

"नाही, मला पान दाखवा. रणांगणावर मुलांची प्रेतं शोधत हिंडणारी ती आई आठवते का? तिला समजवायला केवढे केवढे थोर लोक आले होते. एकाच्या तरी बोलण्याने तिचं रडणं थांबलं का?" मग ते त्या बाईंकडे वळले. "बाई, हे सगळे तुम्हाला सावरा म्हणतील. नाही सावरता आलं तर त्यात तुमची काही चूक नाही. भल्याभल्यांना नाही आलेलं."

गेलेल्या माणसाचा भाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "भिया, इनको बाहर ले जाओ यार." मी सरांना हाताला धरून घरी आणलं. दारातच काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, उभ्या होत्या. सरांचा चेहरा पाहून त्यांनी ओळखलं. "आजपण बोलून आले न? अहो, लोक उद्या आपल्याला लग्नातपण नाही बोलवणार." सर म्हणाले, "लग्नात मी कुठे काय बोलतो?" काकू म्हणाल्या, "तिथे पण बोललात. मला याद आहे."

पण नंतर एका दुपारी तीच बाई घरी आली आणि काकूंच्या स्वयंपाकघरात खूप वेळ बसली. मी वरून खाली पाणी भरायला गेलो तेव्हा ती सांगत होती, "सगळे मला चुप करत होते हो काकू. सर एकटे बोलले की रडलं तरी चालेल."

मी सरांच्या वरच्या खोलीत भाडेकरू होतो. मूळचा इंदूरजवळच्या देपालपूरचा. वडील तिथे शाळेत मास्तर होते, मराठी घरं तिथे बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे माझी मराठी म्हणजे अर्धी हिंदी. खोली पाहायला गेलो तेव्हा सरांनी विचारलं, काय करता? मी म्हटलं, औषध कंपनीत एमआर आहे, दुखण्याच्या गोळ्या विकतो. सर काकूंकडे वळून म्हणाले, "ऐकलंस का, घरात वैद्य येतोय. परत पाठवायला बरा." मला त्यातलं काहीच कळलं नाही. काकू हसल्या, म्हणून मीही हसलो आणि खोली ठरली.

सरांची सगळी हयात एकाच महाकाव्यात गेली, आणि तीही फार चमत्कारिक कामात. त्याच्या जुन्या पोथ्या देशभर विखुरलेल्या. एका पोथीत एक श्लोक असतो, दुसरीत नसतो. नकला करणाऱ्यांनी शतकानुशतकं आपापल्या मनाचं त्यात घुसडलेलं. असा मागून घुसडलेला मजकूर शोधून बाहेर काढायचा, हे सरांचं काम. त्याला ते प्रक्षिप्त म्हणत, आणि हा त्यांच्या तोंडचा सगळ्यात वाईट शब्द होता. शेजाऱ्यांनी सांगितलेली बातमी प्रक्षिप्त. पोह्यांवर टाकलेली शेव प्रक्षिप्त. इंदुरात राहून हे म्हणायला छाती लागते. माझी मराठी तर पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रक्षिप्त. काकूंच्या नवसांनाही तोच शब्द होता. काकू दर बुधवारी खजरान्याच्या गणपतीला जायच्या, सर रिक्षाच्या भाड्याबद्दल कधी बोलले नाहीत, पण प्रसादाचा लाडू हातावर घेताना "प्रक्षिप्त" म्हणायचे आणि खायचे.

महाकाव्यातल्या कोणाचंही नाव मात्र ते घेत नसत. वर्गातसुद्धा नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना कोणी नावाने हाक मारतं का, असं विचारायचे. ती डोळ्यांवर पट्टी बांधलेली, तो जुगारात हरलेला, तो सूताघरी वाढलेला, असंच सगळं. आणि सरांचा सगळ्यात लाडका होता तो बाणांच्या बिछान्यावर पडलेला आजोबा. त्याला ते नुसतं 'म्हातारा' म्हणत. हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज खाली यायचा.

रविवारी दुपारनंतर ओसरीत त्यांचा वर्ग असे. पाचसहा रिटायर्ड मंडळी आणि सुट्टी असेल तर मी. आत जायच्या दारात काकू पाटावर बसलेल्या, पुढ्यात मेथी नाहीतर मटार. त्या कधी मान वर करत नसत, पण सरांना पुढचा शब्द आठवला नाही की मेथी निवडता निवडता पुढची गोष्ट सांगून टाकत. संस्कृत त्या शिकल्या नव्हत्या. ऐकून ऐकून सगळं पाठ झालं होतं.

सरांचं एक म्हणणं मी इतक्या वेळा ऐकलं की ते मलाही झोपेत सांगता येईल. महाकाव्यात दुःखावर औषध नाही, विसावा आहे. सूर्य मावळतो आणि शंख वाजतो. दोन्हीकडचे लोक शस्त्रं खाली ठेवतात, जखमा धुतात, काही वेळा एकमेकांच्या तंबूत जाऊन बसतात. उजाडलं की पुन्हा तेच. "कवी एवढीच सुटका देतो," सर म्हणत. "सूर्यास्ताएवढी." घरातही हा नियम होता. दिवसभर दोघांची कडाक्याची भांडणं चालत, गॅसवरून, नळावरून, कशावरूनही. काकूंनी देवाजवळ दिवा लावला की सर म्हणायचे, "सूर्य मावळला," आणि खरोखरच भांडण तिथेच थांबायचं. वर्गही तसाच संपायचा. ऊन पाण्याच्या टाकीमागे गेलं की सर पुस्तक मिटून म्हणत, "सूर्य मावळला. उठा."

म्हाताऱ्याचा प्रसंग आला की मात्र वेळेचं भान राहत नसे. म्हातारा अंगभर बाण घेऊन पडला आहे. राजा वैद्यांना आणतो. ते आपली हत्यारं, औषधं, सगळं घेऊन येतात. म्हातारा त्यांचा मान राखतो, त्यांना देणगी द्यायला सांगतो आणि परत पाठवतो. "परत पाठवतो!" सर मांडीवर थाप मारत. "सगळ्या ग्रंथात एवढा मोठा माणूस नाही. दुखत नव्हतं का त्याला? दुखत होतं. पण त्याने दुखणं विकलं नाही." हे म्हणताना ते नेमके माझ्याकडे पाहत, कारण मी दुखण्याच्या गोळ्या विकत होतो. सगळे हसत. काकूही हसत.

मग काकूंची पाठ दुखायला लागली. आधी मी कंपनीची मलमं आणून दिली. मग तपासण्या झाल्या, आणि कळलं तेव्हा कॅन्सर हाडांपर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं की आता बरं करण्यासारखं काही उरलेलं नाही, पण दुखणं आटोक्यात ठेवता येईल. त्यांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. मी त्या मिळवून आणल्या, वेळा समजावून सांगितल्या. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ठेव तिथे. मी नाही घेणार."

आम्हाला वाटलं, घाबरल्या असतील. सवय लागेल, भ्रम होईल, असं लोकांना वाटतं. मी समजावलं. काकू म्हणाल्या, "मला माहीत आहे रे सगळं. नाही घेणार." सरांच्या तोंडावर तेव्हा काय आलं ते मला विसरता येत नाही. अभिमान होता तो. त्या रविवारी त्यांनी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं, "ऐकलंत का, हिनेही वैद्य परत पाठवला." मंडळींनी माना डोलावल्या. आतल्या खाटेवर काकू जाग्या होत्या.

दुखणं वाढत गेलं. काकू ओरडत नसत. त्यांच्या माहेरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या संस्थानच्या फौजेत होते, जखम दाखवायची नाही हे त्यांच्या घरचं वळण. त्या पदराचा बोळा तोंडात धरत आणि खाटेची दांडी आवळत. कूस बदलायची म्हटली की कपाळावर घाम यायचा. मी सकाळी बॅग घेऊन निघताना जिन्यावरूनच त्यांचा श्वास ऐकू यायचा आणि दिवसभर डॉक्टरांच्या दारात बसून मी इतरांना वेदनाशामकांचे फायदे सांगायचो. लाज वाटायची.

एकदा सर दूध आणायला गेले असताना मी विचारलंच. "काकू, का नाही घेत? इतकं कशाला सहन करून राह्यला?"

त्या छताकडे पाहत म्हणाल्या, "अरे, इतकी वर्षं मी त्या दारात बसून ऐकलं. यांनी त्या म्हाताऱ्याची जेवढी तारीफ केली न, तेवढी माझी कधी नाही केली. माझ्या हातच्या जेवणाचीपण नाही. आता पहिल्या बार केली, सगळ्यांसमोर. आता मी गोळी घेऊ?"

मी हे सरांना सांगितलं. सांगावं की नाही हा विचारसुद्धा केला नाही. सर ओसरीत उभे होते, हातात दुधाची पिशवी. ते खाली बसले आणि पिशवी मांडीवर धरून बसूनच राहिले. दूध सदऱ्यावर गळत होतं तरी त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काकूंना समजवायला सुरुवात केली. उठावन्यात कोणी समजावलं की चवताळून उठणारा हा माणूस आता स्वतःच खाटेशी बसून आर्जवं करत होता. पण त्यांना ग्रंथाबाहेरचं बोलता येत नव्हतं. "अगं, म्हाताऱ्याने सगळंच नाकारलं नव्हतं. मान लोंबकळत होती तर उशी मागितली त्याने. तहान लागली तर पाणी मागितलं."

काकू म्हणाल्या, "मग उशी द्या. पाणी द्या. उशी घेते, पाणी घेते. गोळी नाही."

सरांनी उशी सारखी केली, पाणी दिलं. जन्मभर ज्या ग्रंथाचं एक अक्षर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही, त्याच ग्रंथाने त्यांना कोंडीत पकडलं होतं. एकदा त्यांनी मला विचारलं, चहातून वगैरे नकळत देता येईल का? मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाले, "नको. तिला फसवून नको."

त्याच आठवड्यात ते मला म्हणाले, "मला खजरान्याला घेऊन चला." मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून नेलं. तिथे देवळाच्या मागच्या भिंतीवर लोक नवस बोलून उलटा स्वस्तिक काढतात, इच्छा पुरी झाली की येऊन सुलटा काढतात. काकूंच्या तोंडून त्यांनी हे शंभरदा ऐकलं होतं आणि शंभरदा प्रक्षिप्त म्हटलं होतं. बोटावर कुंकू घेऊन ते भिंतीसमोर उभे राहिले. मागे बायाबापड्या खोळंबल्या. "बाबूजी, जल्दी करो न," एक जण म्हणाली. सरांनी बोट रुमालाला पुसलं आणि परत आले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय मागू? जगू दे म्हणू तर दुखणं वाढतं. सुटू दे म्हणू..." घरी येईपर्यंत त्यांनी माझा खांदा घट्ट धरून ठेवला होता.

त्या संध्याकाळी मला त्यांनी खाली बोलावलं. काकूंचं त्या दिवशी फार दुखत होतं. डोळे मिटलेले, ओठ पांढरे पडलेले. सरांनी हातपाय धुतले, वर्गाला घेत तसं उपरणं खांद्यावर घेतलं आणि खाटेशेजारी काकूंच्याच पाटावर बसले. "आज वर्ग तुझा एकटीचा," ते म्हणाले. मी गोळ्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी उभा होतो.

त्यांनी म्हाताऱ्याचा प्रसंग म्हणायला घेतला. तीच चाल, तोच आवाज. बाण, बिछाना, उशी. वैद्य आले. त्यांची देणगी झाली. वैद्य निघाले. इथे सर दर वेळी थांबत आणि मांडीवर थाप मारत. त्या दिवशी ते थांबले नाहीत. त्याच चालीत पुढे म्हणत गेले, आणि मग नेहमीप्रमाणे मराठीत अर्थ सांगायला लागले.

"सगळे वैद्य गेले. पण सगळ्यात मागे एक होता, त्याला म्हाताऱ्याने थांबवलं. म्हणाला, बाबा रे, मला काही नको आहे. मी पडून राहीन. पण हा इथे माझ्या पायाशी उभा आहे ना, ह्याच्याकडे बघ. ह्याला माझं दुखणं बघवत नाही. ह्याने जन्मभर मला मोठं मोठं म्हटलं, आता ह्याला ते सोसत नाही. ह्याच्यासाठी म्हणून दे. आणि वैद्याने दिलेलं औषध म्हाताऱ्याने घेतलं."

काकूंनी डोळे उघडले.

"हे कधी नाही बोललात आधी."

"वर्गात सांगत नाही मी हे."

"कोणत्या पोथीत आहे?"

"आमच्या घरच्या प्रतीत आहे," सर म्हणाले.

इतकी वर्षं दारात बसून ऐकणाऱ्या काकूंना ग्रंथाच्या पानन्‌पानाची खबर होती. त्या अगदी हळू म्हणाल्या, "प्रक्षिप्त न?"

सर रडायला लागले. इतक्या उठावन्यांत दुसऱ्यांच्या रडण्याची बाजू घेणाऱ्या सरांना मी रडताना पहिल्यांदाच पाहत होतो. काकूंनी दांडीवरचा हात सोडवला आणि त्यांच्या डोक्यावर ठेवला. तेवढं करतानाही त्यांना कळ आली. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "दे रे ती गोळी. आणि पाणी नर्मदेच्या नळाचं दे, बोरिंगचं नको. खारट लागतं."

पुढचे काही आठवडे काकू थोड्या झोपल्या, थोडं खाल्लं. एका सकाळी मला जिन्यावर भांडण ऐकू आलं. चहात साखर कमी पडली म्हणून काकू सरांना बोलत होत्या, आणि सरही ऐकून घेत नव्हते. मी बॅग घेऊन पायरीवर बसून ते भांडण पूर्ण ऐकलं. इतकं बरं मला त्या घरात कधी वाटलं नव्हतं. मग एका पहाटे काकू गेल्या. झोपेतच गेल्या.

त्यांच्या उठावन्याला सगळे सरांकडे चोरून बघत होते. बोलणाऱ्याने नेहमीचं सगळं सांगितलं, शोक करू नये वगैरे. सर मान खाली घालून बसले होते. कोणी काय म्हटलं ते त्यांना ऐकूच आलं नसावं.

काही महिन्यांनी वर्ग पुन्हा सुरू झाला. मंडळींनीच आग्रह केला. सर दारातल्या पाटाकडे पाठ करून बसू लागले. एका रविवारी तो प्रसंग आला. त्या दिवशी एक नवे गृहस्थ आले होते, छापील पुस्तक मांडीवर घेऊन ओळींवरून बोट फिरवणारे. सर म्हणत गेले. बाण, उशी, वैद्य. आणि देणगी घेऊन वैद्य निघाल्यावर सर थांबले नाहीत. पुढचं म्हणाले, जे त्या संध्याकाळी म्हटलं होतं ते सगळं, शब्दन्‌शब्द. औषध घेतलं इथपर्यंत.

त्या गृहस्थांचं बोट पानावर थांबलं होतं. त्यांनी पुढचं पान पाहिलं, मागचं पाहिलं. "सर, माफ करा, माझ्या पुस्तकात हे नाही."

बाकीची मंडळी अवघडली. त्यांनाही माहीत होतं. मला वाटलं, आता सर तो शब्द उच्चारतील, आणि काकूंना दिलेलं ते सगळ्यांसमोर परत घेतील.

सरांनी मान वळवून दारातल्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं. "तुमच्या पुस्तकात नसेल," ते म्हणाले. "आमच्या घरच्या प्रतीत आहे."

मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि उपरण्याने चष्मा पुसला.

"सूर्य मावळला. उठा."

बाहेर चांगलं लख्ख ऊन होतं. पाण्याच्या टाकीला ते अजून टेकलंही नव्हतं. आम्ही सगळे उठलो, हात जोडले आणि एकेक करून बाहेर पडलो.